ओळंबा सर

"सर आज आलेले नाहीत," मुख्याध्यापक म्हणाले, आणि स्टाफरूममध्ये बसलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. वाणगावहून येणाऱ्या आमच्या एक बाई घरच्या मळ्यातल्या मिरच्या सगळ्यांना वाटत होत्या, त्यांचा हात पिशवीतच राहिला.

"आले नाहीत म्हणजे?"

"म्हणजे आले नाहीत. फोनही उचलत नाहीत."

बाहेर शिपाईमामा फुटलेल्या खिडक्यांना पुठ्ठे ठोकत होते. आदल्या दिवशी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला होता, आणि आमच्या कानांत अजून दडे बसल्यासारखं होत होतं. पण खरं सांगते, सर आले नाहीत याचा धक्का त्या स्फोटापेक्षा मोठा होता. आमच्या बोईसरला स्फोट होतात. हवेला वास येतो, भोंगा वाजतो, खिडक्या थरथरतात, माणसं गच्चीवर जाऊन धूर कुठून येतोय ते बघतात आणि खाली येऊन स्वयंपाकाला लागतात. सर शाळेत नाहीत असं मात्र कधी झालं नव्हतं. ताप अंगात घेऊन आले होते. सख्ख्या भावाच्या लग्नाला शाळा सुटल्यावर गेले होते.

मी मराठी शिकवायचे, ते विज्ञान. मी रुजू झाले त्या पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी चप्पल काढली आणि मधल्या सुट्टीत बाहेर आले, तर चप्पल वळवून ठेवलेली. पुढचा भाग बाहेरच्या बाजूला, पाय घातला की निघालं. माझीच नाही, सगळ्यांची. एका ओळीत, टाचा भिंतीला सारख्या अंतरावर. मी इकडेतिकडे पाहिलं, तर एक उंच, काटकुळे गृहस्थ, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, प्रयोगशाळेकडे चालले होते. "सवय करून घ्या," कोणीतरी म्हणालं. "आपले सर आहेत ते." मला तेव्हा ते फार लोभस वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की बघ, अशी माणसं असतात.

मुलं त्यांना ओळंबा म्हणायची. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव ठेवणारा पोरगा गवंड्याचाच होता म्हणे. सरांना हे नाव ठाऊक होतं. एकदा मी जरा चाचरतच विषय काढला, तर म्हणाले, "चांगलं नाव आहे, मॅडम. स्वतः सरळ राहायचं आणि दुसऱ्याचं वाकडं दाखवायचं, पण तोंडाने काही बोलायचं नाही. मला आवडलं."

खरंच ते बोलून दाखवत नसत. उचलून सरळ करत. फळ्यावर कोणी तारीख तिरपी लिहिली तर पुसून पुन्हा लिहीत. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या सगळ्या समोर, चंचुपात्रं लहानापासून मोठ्यापर्यंत. आणि मुलांना वही दप्तरात ठेवताना, बाक सरकवताना, रांगेत उभं राहताना एकच शब्द, "जागच्या जागी." कधी कधी त्याला शेपूट जोडत, "जागच्या जागी असलं की काळजी नाही." आम्ही स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करायचो. चहाचा कप बशीत ठेवताना कोणीतरी म्हणायचं, "जागच्या जागी!" आणि सगळे हसायचे. तेही मान खाली घालून थोडंसं हसायचे.

आमच्याकडे डोंगराकडच्या पाड्यांवरची मुलं वसतिगृहात राहून शिकतात. दिवाळी झाली की त्यातली काही आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, आणि बरीचशी परत येत नाहीत. एका वर्षी सातवीतली एक मुलगी अशीच गेली. पटावर पोरं जास्त, बाक कमी, तरी सरांनी तिच्या जागेवर कोणाला बसू दिलं नाही. तिची कंपासपेटी होती तशी बाकावर राहिली. मुख्याध्यापक रागावले, तर म्हणाले, "तिची जागा आहे ती." परीक्षेच्या तोंडावर ती पोरगी आली. हाताला भेगा, केस तांबूस झालेले, वर्गाच्या दारात उभी राहून आत यावं की नको या विचारात. सरांनी वर न बघता म्हटलं, "बस. जागच्या जागी." ती बसली आणि कंपासपेटीवर डोकं ठेवून रडली. शेजारच्या वर्गावर जाताना मी दारातून हे पाहिलं होतं. त्या दिवसापासून सरांबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की मी भांडायला उठायचे.

दुसरी एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं हसत सांगायचो. प्रजासत्ताक दिनाला तालुक्यातले एक बडे पुढारी पाहुणे होते. त्यांचं भाषण ऐन रंगात आलेलं, गळ्यातला हार एका बाजूला ओघळलेला. सर आमच्या रांगेतून उठले, मंचावर चढले, पाहुण्यांच्या समोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी तो हार सारखा करून खाली आले. पाहुणे बोलायचं विसरले. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक. मग पाहुण्यांनीच सावरून घेतलं, "याला म्हणतात शिस्त!" आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. आता तो प्रसंग आठवला की मला हसू येत नाही. माझ्या शेजारी येऊन बसलेले सर आठवतात. जानेवारीची सकाळ होती आणि त्यांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता.

असं बरंच काही आम्हाला दिसत होतं. त्यांचे हात नेहमी लाल, बोटांच्या पेरांना चिरा. आम्ही म्हणायचो, प्रयोगशाळेतलं काहीतरी लागत असेल. डबा ते आमच्यात बसून कधी खात नसत. घरी कधी कोणाला बोलावलं नाही. बेटेगावात त्यांनी स्वतःचं घर बांधलेलं आहे हे माहीत होतं. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत शिकून गेली होती, माझ्याच वर्गात होती. मी कितीदा म्हटलं, "सर, एकदा घर दाखवा की." त्यावर ठरलेलं उत्तर, "अजून लावून झालेलं नाही, मॅडम." घर बांधून वर्षं लोटली होती. आम्हाला वाटायचं, सर विनोद करतात.

तो स्फोट झाला तेव्हा माझा नववीवर तास होता. आधी जमीन खालून कोणी ढकलावी तशी हलली, मग आवाज आला, आणि लगेच खिडक्यांच्या काचा आत कोसळल्या. पोरं किंचाळत बाकांखाली गेली. मी स्वतः टेबलाखाली होते, हे मला नंतर कळलं. तेवढ्यात पलीकडून सरांचा आवाज ऐकू आला. नेहमीचाच, जराही चढलेला नाही. "उठा. दप्तर नको. पायात चपला घाला. रांगेने बाहेर." त्यांचा वर्ग ओळीने मैदानात आला, त्यामागे माझा, त्यामागे सगळी शाळा. एकाही पोराच्या पायात काच गेली नाही. पालक धावत येत होते, कोणी हिंदीत, कोणी मराठीत पोरांची नावं ओरडत होतं, आणि जो तो सरांकडे बघून हात जोडत होता.

पण सर मैदानात नव्हते.

मी आणि शिपाईमामा त्यांना शोधत प्रयोगशाळेत गेलो. मांडण्या आडव्या झाल्या होत्या. जमिनीवर काचा, पांढरी-निळी पूड, नाकात जाणारा आंबट वास. सर गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी काचा बाजूला करत होते आणि शाबूत राहिलेल्या बाटल्या भिंतीशी ओळीने लावत होते. तळहातातून रक्त येत होतं. बाटल्यांना ते लागलं की शर्टाच्या बाहीने पुसायचे आणि पुन्हा लावायचे.

"सर, बाहेर चला. इथं थांबू नका."

"एक मिनिट, मॅडम. एवढं लावतो."

"सर, हात बघा तुमचा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या डोळ्यांना घाबरले. वर्गात शांतपणे सूचना देणारा माणूस तो नव्हताच. मामांनी त्यांना काखेत हात घालून उठवलं, अक्षरशः ओढत बाहेर आणलं. मैदानात येताच ते म्हणाले, "माझं घर," आणि तसेच, रक्ताळलेल्या हाताने, फाटकाबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटला तेव्हा मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही जाऊन या. तुमचं ऐकतात ते." मामा बेटेगावच्याच बाजूचे, त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी निघाले. वाटेत मामा एकदम म्हणाले, "बाई, पुढच्या दाराने नका जाऊ. मागं जाऊ आपण."

"का?"

"बघाल तुमी."

घर मोठं सुरेख होतं. पिवळसर रंग, कुठे डाग नाही. ओटीच्या फरशीत आभाळ दिसत होतं. दाराबाहेर एकही चप्पल नाही, तुळशीच्या वृंदावनाभोवती एक पान पडलेलं नाही. पडदे घट्ट ओढलेले. मी मामांच्या मागून घराला वळसा घातला, आणि थबकले.

घराच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी काढलेली होती. तिला तिन्ही बाजूंनी निळी ताडपत्री. आत एक खाट, खाटेखाली पत्र्याच्या पेट्या. दगडांवर फळी, फळीवर गॅसची शेगडी. दोरीवर साड्या, पंजाबी ड्रेस. एका कोपऱ्यात फळांच्या खोक्यांत कॉलेजची पुस्तकं. सूपभर सुकट उन्हात पसरलेली, आणि तिच्याशी बसून एक बाई कांदा चिरत होती. सरांची बायको. त्यांच्या मागून ताडपत्री सारून त्यांची मुलगी बाहेर आली, आणि मला बघून जागच्या जागी उभी राहिली.

"बाई, तुम्ही?"

तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. माझ्या वर्गात होती तेव्हा या मुलीच्या गणवेशाची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. शाळा सुटल्यावर ती ग्रंथालयात बसून गृहपाठ संपवूनच घरी जायची, आणि मी इतर मुलींना तिचं उदाहरण द्यायचे. ती या ताडपत्रीतून शाळेत येत होती. त्या घडीला हे मला कळलं. मी तिथल्याच एका पेटीवर बसले.

"वहिनी, तुम्ही इथं राहता?"

वहिनी घिवलीच्या, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या घरातल्या. सरही तिथलेच. पण सरांची भाषा पुस्तकासारखी झाली होती, वहिनींनी आपली बोली सोडलेली नव्हती. त्यांनी कांद्याचं ताट बाजूला ठेवलं.

"राहतो. पोर लहान होती तवापासून."

"त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं?"

"काढलं नाय कोणी. हाकललं पण नाय." त्या बोलताना रडत नव्हत्या, कोणा तिसऱ्याची हकिकत सांगावी तसं सांगत होत्या. "आदी म्हणाले, शोकेसला हात नको. मंग म्हणाले, हॉलमधून जाताना भिंतीकडनं जा. मंग चूल बाहेर आली. भांडी आली. पोरीने एकदा भिंतीला हात लावला, तर संध्याकाळभर रडत बसले, भिंत पुसत. मारलं नाय तिला. नुसते रडले. एका उन्हाळ्यात मीच वळकट्या बाहेर आणल्या, म्हटलं उकडतंय. मंग आत गेलोच नाय. एकेक वस्तू बाहेर आली बाई, तिच्यामागं आमी आलो."

"गावात कोणाला माहीत नव्हतं?"

मामांनी खाली बघितलं. "सगल्यांना म्हाईत हाय," ते म्हणाले. "पण मास्तर दारू पीत नाय, हात उचलत नाय. काय बोलायचं त्यांना?"

आणि आम्ही शाळेत या माणसाचा सत्कार केला होता. व्यवस्थितपणाबद्दल. मानपत्र मी लिहिलं होतं.

सर रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताट घेत. स्फोटापासून ती खिडकीही जेमतेम उघडत होती. ताट तसंच्या तसं परत यायचं. "आत सारखं सामान सरकवल्याचा आवाज येतो," मुलगी म्हणाली. "बाबा झोपत नाहीत. मी हाक मारली की म्हणतात, झालंच."

मी खिडकीशी गेले. फट होती तेवढ्यातून आत पाहिलं. आतलं घर मासिकातल्या चित्रासारखं होतं, कोणी कधी न राहिलेलं. आणि त्याच्या मधोमध सर गुडघ्यांवर, दाढी वाढलेली, तोच बाहीला रक्त वाळलेला शर्ट, हाताला काळा पडलेला रुमाल बांधलेला. भिंतीपासून टेबलाच्या पायापर्यंत दोरा ताणून धरला होता. टेबल किंचित सरकवायचे, दोरा धरायचे, मान हलवायचे, पुन्हा सरकवायचे.

"सर."

ते दचकले, मग चक्क शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मॅडम? आज तास नाहीत का तुम्हाला?"

"सर, तुम्ही जेवला नाहीत."

"झालंच. थोडंच राहिलंय. त्या दिवशी सगळं हललं ना. सगळं. गजांना हात लावू नका, मॅडम, कृपा करून."

तेवढ्यात माझ्या बाजूने मुलगी पुढे झाली. तिने मागच्या दाराची कडी धरली आणि म्हणाली, "बस झालं, बाबा. मी आत येते."

"नको!"

तो आवाज माणसाचा वाटला नाही. मामा दोन पावलं मागे सरले. सर आतून दाराला अंग लावून उभे असावेत, कारण दार थरथरत होतं.

"नको येऊस! आत काही हललं तर मरशील तू! तुम्ही दोघी मराल!"

वहिनींनी विचारलं, "काय म्हणालात?"

आणि मग दाराआडून, तुटक तुटक, रडत, ते सगळं बाहेर आलं. एखादी वस्तू जागची हलली की त्यांच्या डोळ्यांसमोर या दोघी दिसायच्या. गाडीखाली आलेल्या, पाण्यात बुडालेल्या, जळालेल्या. वस्तू सरळ केली की चित्र जायचं. थोडा वेळ. दोघी घरात वावरल्या की वस्तू हलणारच, म्हणून त्या बाहेर असलेल्या बऱ्या. बाहेर त्या सुरक्षित. आणि त्या दिवशी एका झटक्यात घरातली, शाळेतली प्रत्येक वस्तू हलली होती. आठवडाभर हा माणूस उपाशीतापाशी, दोरा हातात धरून, बायकोपोरीचा जीव वाचवत बसला होता.

वहिनी उठल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या संतापल्या होत्या.

"आन् मी काय समजत होते एवढी वर्सं?" त्या दारावर हात आपटत म्हणाल्या. "मी समजत होते, माज्या हाताला म्हावऱ्याचा वास येतो म्हणून तुमाला मी आत चालत नाय. आंघोळ करून, साबण लावून, हुंगून बघायचे हात! एकदा बोलायचं नाय का? एकदा?"

आतून उत्तर आलं, फार बारीक आवाजात. "बोललो असतो तर खरं झालं असतं."

मी भिंतीला धरून उभी होते. इतकी वर्षं शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे चालू होतं, चपला वळवून ठेवताना, हार सरळ करताना, प्रत्येक वेळी हेच, आणि आम्ही कपबशी हातात घेऊन त्याची नक्कल करत होतो.

वहिनींचा श्वास हळूहळू खाली बसला. मग त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कोणा शिकलेल्याला, न शिकलेल्याला सुचलं नसतं. त्यांनी पोरीचा हात कडीवरून काढला आणि दाराला तोंड लावून म्हणाल्या, "बरं. आमी आत नाय येत. आत आलो तर मरू ना? मंग तुमी बाहेर या. इथं काय सरळ नाय. भांडी वाकडी, खाट वाकडी, पत्रा वाकडा. एवढी वर्सं हाव आमी इथं. मेलो काय? बघा बाहेर येऊन. जित्या हाव दोगी."

मग कडी निघाली. सर उंबऱ्यात उभे राहिले, उन्हाने डोळे मिटलेले. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे, त्यांच्या तोंडावरून, हातांवरून, पायांवरून नजर फिरवली, जणू मोजदाद करत होते. एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला आणि सुकटीच्या सुपाशेजारी कोसळले.

आम्ही त्यांना मामांच्या पुतण्याच्या गाडीतून पालघरला नेलं. हाताची जखम चिघळली होती, आधी तिचा इलाज झाला. मग तिथल्याच एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. तरुण बाई होत्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. मी त्यांना म्हटलं, "पण डॉक्टर, ते नुसते व्यवस्थित आहेत असंच आम्हाला वाटायचं." त्या म्हणाल्या, "व्यवस्थित माणसाला सगळं नीट लावलं की बरं वाटतं. यांना बरं कधीच वाटलेलं नाही. भीती थोडी कमी व्हायची, तीही तेवढ्यापुरती. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं." वहिनींनी विचारलं, हे कशामुळे झालं, लहानपणी काही घडलं का, माझं काही चुकलं का. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही, हा आजार आहे, आणि कारण शोधत बसण्यापेक्षा उपचाराला लागू. औषधं आहेत. आणि एक अभ्यास आहे, तो यांनाच करायचा आहे.

तो अभ्यास मी नंतर डोळ्यांनी पाहिला. सर पुन्हा शाळेत यायला लागले होते. एक दिवस प्रयोगशाळेवरून जाताना मला त्यांनी हाक मारली. मांडणीवरची एक बाटली त्यांनी उलटी फिरवली होती, चिठ्ठी भिंतीकडे. स्वतः तिच्यासमोर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ओठ पांढरे पडले होते.

"किती वेळ बसायचं?" मी विचारलं.

"भीती आपोआप उतरेपर्यंत. हात न लावता." त्यांची नजर बाटलीवरून हलली नाही. "मुलगी आत्ता पालघरला कॉलेजात आहे. मला तिला फोन करावासा वाटतोय. तोही करायचा नाही."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. घंटा झाली तरी आम्ही दोघं त्या बाटलीकडे बघत होतो. आयुष्यात इतकं धैर्याचं काम मी जवळून पाहिलेलं नाही.

स्टाफरूममध्ये मात्र कुरकुर सुरू झाली. चपला आता जशा काढल्या तशाच पडलेल्या असायच्या. तपासणीला साहेब येणार होते, तेव्हा मुख्याध्यापक माझ्याकडे बघून हळहळत म्हणाले, "सर पूर्वीसारखे राहिले नाहीत हो. प्रयोगशाळा काय लखलखीत असायची!" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना सगळं माहीत होतं. तरीही त्यांना जुनेच सर हवे होते.

माझी पालघरच्या शाळेत बदली झाली, त्यानंतर एका रविवारी मी बेटेगावला गेले. या वेळी पुढचं दार सताड उघडं होतं. पडदे बाजूला सारलेले. मला वाटलं, झालं, आत राहायला गेले सगळे. मी चप्पल काढून सरळ आत शिरले, "वहिनी!" अशी हाक मारत. हॉलमध्ये कोणी नाही. स्वयंपाकघरात कोणी नाही. ओट्यावर एक भांडं नाही. हवा बंद, फिनेलचा वास. घर होतं तसंच रिकामं.

आवाज मागून येत होते. मागच्या दारातून पाहिलं, तर पडवीत तिघं. वहिनी शेगडीपाशी, मुलगी खाटेवर मोबाइल बघत, आणि सर खाली बसून कोळंबी सोलत होते. सालं कशीही पडत होती. पेट्यांच्या शेजारी आता आणखी एक वळकटी होती.

वहिनींनी जेवायचा आग्रह केला, पण मला घरी पोचायचं होतं. सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. मला राहवेना.

"सर, घर उघडं आहे. मग अजून तिघं मागेच?"

"मी रोज विचारतो तिला," ते म्हणाले. "आता आत चल म्हणतो. काय वाटेल ते हलव, सांड, मोड. मी सहन करेन, करतोच आहे. मुलगी जाते आत कधी कधी. ही नाही येत."

"काय म्हणतात?"

सरांनी फाटकाच्या गजावर हात ठेवला. चिरा भरत आल्या होत्या.

"म्हणते, एवढी वर्सं लागली तुमाला बाहेर यायला. मला आत यायला थोडा वेळ लागंल का नाय?"

मागून वहिनींची हाक आली, कोळंबी झाली का म्हणून. सर वळले आणि घराला वळसा घालून मागे गेले.